गूळ शोधला की गुऱ्हाळ सापडलं पाहिजे

आमच्या ऑनलाइन अंकात नवीन काय काय टाकायचं यावर मागच्या आठवड्यात कोल्हापुरात राजारामपुरीत मीटिंग झाली, तिथं मी बराच वेळ बोललो तरी निम्मंच सांगून झालं, म्हणून बाकीचं इथं लिहितोय. मंडळींचं म्हणणं होतं की मुखपृष्ठ हलतं करूया, लाइक-शेअरची बटणं मोठी करूया, अंक आला की फोनवर नोटिफिकेशन पाठवूया. करा की, माझी ना नाही. पण त्याच्या आधी सर्च नीट करा, आणि मराठीला चालेल असा करा.

कागलचे एक रिटायर गुरुजी आमचे जुने वाचक आहेत. त्यांचा फोन आला, "गुऱ्हाळावरचा तो लेख काढून टाकलासा काय?" नातवाला दाखवायचा होता त्यांना. त्या लेखात चुलवाण म्हणजे गुऱ्हाळाची मोठी चूल, काहील म्हणजे रस उकळायची मोठी कढई, रसात भेंडीचं पाणी घालून मळी वर कशी काढतात, पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून गुळव्या, म्हणजे गूळ करणारा, अंदाज कसा घेतो, सगळं बारीकसारीक लिहिलेलं. लेख जागेवरच होता. गुरुजींनी आधी 'गूळ' टाकून शोधलं, काही आलं नाही. मग 'गुऱ्हाळ' टाकलं, तरी काही नाही.

मी बसून बघितलं तेव्हा कळलं. आमचा सर्च फक्त शीर्षक आणि पहिल्या चार ओळी बघतो, आणि तिथं सगळीकडं 'गुळाचा', 'गुळाची', 'गुळव्या' असंच होतं. आपल्याकडं प्रत्यय लागला की गूळचा दीर्घ ऊ ऱ्हस्व होतो, कोल्हापूरचं कोल्हापुरात होतं, घोडाचं घोड्याला होतं. हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे पण सर्चला कुणी सांगितलंय? त्याच्या लेखी गूळ आणि गुळाचा हे दोन वेगळेच शब्द. 'गुऱ्हाळ'ची गोष्ट तर त्याहून अवघड. हा ऱ्ह युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरं ज्या कोडमध्ये साठवतो त्यात, दोन प्रकारे टाइप होतो, एकात ऱ हे वेगळं अक्षर वापरतात, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखे दिसतात, आत मात्र वेगळे. आमच्या टायपिस्टनं एका प्रकारे टाइप केलेलं, गुरुजींच्या फोनचा कीबोर्ड दुसऱ्या प्रकारे करतो, संपलं. दुसऱ्या, दऱ्या, वाऱ्यावर, कऱ्हाड, असे किती शब्द आपण रोज लिहितो बघा.

आणि याला उपाय आहे, फार खर्चाचाही नाही. शोधायच्या आधी दोन्ही प्रकार आतल्या आत एकसारखे करून घ्यायचे, आणि प्रत्येक लेखाला संपादकानं हातानं पाच-सहा मूळ शब्द जोडायचे: गूळ, ऊस, गुऱ्हाळ, कागल. लेखामागं दोन मिनिटं लागतात.

दुसरं तारखेचं. आमच्या लेखांवर तारीखच नाही, डिझाइन करताना म्हणे ती खराब दिसत होती. कॉलेजातली एक मुलगी पुरावर प्रोजेक्ट करत होती, तिला आमचे दोन लेख मिळाले, दोन्हीत 'यंदाच्या महापुरात' असं लिहिलेलं. पहिला लेख ऑगस्ट २०१९ चा, दुसरा जुलै २०२१ चा. दोन्ही वेळा आमची पंचगंगा नदी ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून गेलेली, दोन्ही वेळा शिरोलीजवळ हायवेवर पाणी, मग बिचारीनं ओळखायचं कशावरून? तिनं दोन्ही एकाच पुराचे धरले आणि मग तिला सगळा प्रोजेक्ट परत लिहायला लागला. मला याचं खरंच वाईट वाटलं, कारण चूक तिची नव्हती, आमची होती. लेखाच्या डोक्यावर तारीख, आणि नंतर काही दुरुस्ती केली असेल तर ती कधी केली तेही, एवढं तरी वाचकाला मिळायलाच पाहिजे.

अक्षराच्या साइजचं तर आमच्या घरातच बघतोय. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, ती फोनवर वाचते. दोन बोटांनी मोठं केलं की ओळ स्क्रीनच्या बाहेर जाते, मग उजवीकडं ओढायचं, ओळ संपली की परत डावीकडं, तोवर कुठल्या ओळीवर होतो तेच हरवतं. दोन परिच्छेद झाले की फोन ठेवून देते. अक्षर लहान-मोठं करायचं एक बटण द्या, मोठं झालं की ओळ आपोआप खाली वळली पाहिजे, आणि दोन ओळींत अंतर जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर बसतो. इंग्रजीसाठी बनवलेलं डिझाइन जसंच्या तसं उचललं की हे हमखास होतं.

कविता फोटो करून टाकायची आपली सवय आहे, तीही सोडूया. ज्यांना दिसत नाही ते फोनमधलं मजकूर वाचून दाखवणारं टॉकबॅक लावून ऐकतात, त्यांना फोटोतली कविता कशी ऐकू येणार? सर्चलाही ती सापडत नाही. फोटो टाका, पण खाली मजकूर टाइप करून द्या.

मीटिंगमध्ये शेवटी सगळ्यांनी तारखा आणि मूळ शब्दांना हो म्हटलं, सर्चचं काम करणारा मुलगा पुढच्या महिन्यात बसतोय. मी जुने अंक उघडून एकेका लेखाला तारीख घालतोय, २०१९ चं वर्ष काल रात्री संपलं. गुरुजींना लेखाची लिंक पाठवली, नातवानं वाचला म्हणाले, आणि आता त्याला काहील बघायला गुऱ्हाळावर जायचंय.