‘एक इंचही जात नाही’, हे खरे. पण पुरेसे नाही

शहरातून सलग जाणाऱ्या हरितपट्ट्यालगत (म्हणजे झाडांमधून चालण्या-सायकलीसाठी असलेल्या हरितमार्गालगत) उंच इमारतींचा प्रस्ताव आला की एक युक्तिवाद हमखास फिरू लागतो: बांधकाम खासगी भूखंडावर आहे, पट्ट्याची एक इंचही जागा जात नाही, काही झाडे गेलीच तर दुप्पट लावली जातील आणि एवढे असूनही विरोध करणाऱ्यांना इतरांची घरे खुपतात.

‘एक इंचही’ हे मोजमाप नकाशावरचे आहे. झाडाची मुळे फांद्यांच्या घेराच्या बरीच पलीकडे पसरतात आणि त्यांतली बहुतेक जमिनीच्या वरच्या मीटरभर थरातच असतात. त्यामुळे हद्दीला खेटून तळघराची खोदाई झाली की पत्र्याच्या कुंपणाआड मनगटाएवढी मुळे कापली जातात, झाड मात्र दोन-चार पावसाळे हिरवेच दिसते, आणि ते वाळते तेव्हा ठेकेदाराने आपला पसारा केव्हाच हलवलेला असतो. सावलीलाही हद्द नसते. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन वनस्पती उद्यानाजवळ ३९ मजली दोन मनोऱ्यांचा प्रस्ताव आला, तेव्हा उद्यानाची तसूभरही जागा जाणार नव्हती. तरीही काचगृहांतील रोपांचे ऊन अडेल या मुद्द्यावर मोठा विरोध झाला आणि २०२१ मध्ये शहराच्या नियोजन आयोगाने तो प्रस्ताव फेटाळला. खोऱ्यात वसलेल्या श्टुटगार्टमध्ये तर रात्री टेकड्यांवरून उतरणाऱ्या थंड हवेच्या वाटा मोकळ्या राहाव्यात म्हणून बांधकामावर निर्बंध आहेत.

दुप्पट झाडांच्या आश्वासनाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. पट्ट्याचे मोल त्याच्या सलगतेत असते आणि दुसरीकडे लावलेले रोप इथे पडलेला खंड भरून काढत नाही.

घरांचा मुद्दा मात्र गंभीर आहे. शहराला घरे हवीत आणि हरितमार्गाजवळ राहणाऱ्यांची संख्या वाढली तर मार्गाचा वापरही वाढतो, हे मान्य करावेच लागेल (काही विरोधकांना खरोखरच नवे शेजारी नको असतात, हेही). परंतु विरोध घरांना नसून त्यांच्या मांडणीला असू शकतो. न्यूयॉर्कच्याच ‘हाय लाइन’ या उन्नत रेल्वेमार्गावरील उद्यानासाठी २००५ मध्ये नियम बदलताना मार्गाखालील जमीनमालकांना आपले बांधकाम हक्क जवळच्या ठरावीक भूखंडांवर हस्तांतरित करण्याची मुभा दिली गेली. तिथे बांधकाम थांबले नाही, उलट भरपूर झाले. शिवाय त्या परिसरातील घरे इतकी महागली की ‘गरजूंसाठी घरे’ हा दावा ऐकताना किंमत आधी विचारावी.

म्हणून प्रस्तावकांकडे तीन रेखाचित्रे मागावीत: हिवाळ्यातील सकाळ-दुपारच्या सावलीचे, तळघराची भिंत आणि जवळच्या झाडांची मुळे एकत्र दाखवणाऱ्या छेदाचे, आणि वाहनांचे फाटक कोठे उघडते याचे. ते फाटक हरितमार्गावरच उघडत असेल, तर सायकलवरच्या मुलाला दर वेळी थांबून गाडीला वाट द्यावी लागेल, आणि ‘एक इंचही’ तेव्हाही गेलेला नसेल.