ताई, यंदा रस निम्मा का आला, ते सांगतो

ताई, नमस्कार.

तुमचा अभिप्राय परवा रात्री वाचला. त्यातलं एक वाक्य फार लागलं: मार्चमध्ये तीनदा फोन केला, एकदाही उलट फोन आला नाही. हे खरं आहे. त्या दिवसांत आम्ही दोघं उजाडल्यापासून रानात होतो आणि निरोप ऐकायचे राहून गेले. पण इथे अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये मेपल झाडांच्या गोड रसाचा हंगाम जेमतेम सहा आठवड्यांचा, त्यातला वाया गेलेला दिवस परत मिळत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? चूक आमची. मनापासून माफी मागतो.

इतर वाचणाऱ्यांसाठी तुमची बाकीची तक्रार थोडक्यात सांगतो. तुमच्या उतारावरच्या ६० मेपलना आम्ही नळ्या जोडल्या. पहिल्या वर्षी टाकी भरून वाहिली, यंदा रस निम्म्यावर आला. खालच्या १२ झाडांनी तर दोन्ही वर्षं हात आखडता घेतला. शेजाऱ्यांच्या साध्या बादल्या मात्र भरत होत्या. ‘ठिबकच्या बारीक नळ्या लटकवून पैसे घेतले,’ असं तुम्ही लिहिलंय आणि सगळी रक्कम परत मागितलीय.

माझं लहानपण तासगावकडच्या द्राक्षबागेत गेलं, त्यामुळे ठिबक मला परकं नाही. पण इथलं काम त्याच्या नेमकं उलटं चालतं. ठिबकमध्ये पाणी एका जागेवरून शेकडो झाडांकडे दाबाने जातं; नळी फुटली की चिखल होतो आणि लगेच कळतं. इथे ६० झाडांचा रस एका टाकीकडे येतो, आणि नळीला चीर पडली तर बाहेर थेंबही सांडत नाही, उलट हवा आत शिरते. ती ओळखायची एकच खूण, नळीतून सरसर पळणारे बुडबुडे. खारीने कुरतडलेली जागा शोधायला आम्ही बुडबुड्यांच्या मागे मागे चढतो.

३/१६ इंची नळी आम्ही पैसे वाचवायला घेतली नाही. ५/१६ इंची नळीत रस तळाने वाहतो आणि वर हवा राहते. बारीक नळीत बुडबुड्याला रसाच्या बाजूने निसटायला जागाच नसते, म्हणून उतारावरून खाली येणारा रसाचा सगळा स्तंभ स्वतःच्या वजनाने वरच्या झाडांना ओढ लावतो. पंप नको, वीज नको. ही ओढ पाऱ्याच्या इंचांत मोजतात; दर फूट उताराला साधारण ०.९ इंच मिळते. व्हरमाँट विद्यापीठाच्या अंडरहिल इथल्या प्रॉक्टर मेपल संशोधन केंद्रात टिम विल्मट यांनी हे तपासून दाखवलं, तेव्हापासून डोंगरउतारावरचे छोटे बागवाले याकडे वळले. तुमची वरची रांग टाकीपेक्षा २८ फूट उंच आहे. पहिल्या मार्चमध्ये तिथल्या ओढ मोजणाऱ्या गेजवर २२ इंच तुम्ही स्वतः पाहिले होते.

आता खालची १२ झाडं. ओढ ठरते ती झाडाच्या खाली किती उतार उरला आहे त्यावर, आणि तुमची ही रांग टाकीपेक्षा फक्त ३ फूट उंच. तिथे अडीच-पावणेतीन इंचांपेक्षा जास्त ओढ मिळूच शकत नाही; म्हणजे ती झाडं बादली लावल्यासारखीच चालणार. टाकी गाडीरस्त्याजवळ हवी असं तुम्ही म्हणालात आणि मी मान डोलावली. तेव्हाच अडून बसायला हवं होतं. तो माझ्या धंद्याचा भाग आहे, तुमच्या नाही.

रस निम्मा झाला त्याचं कारण मात्र वेगळं आहे. एप्रिलअखेर मी येऊन तीन टी, म्हणजे नळ्या जोडणारे तीन तोंडांचे सांधे, कापून पाहिल्या, तुम्ही शेजारी उभ्या होतात. आत बुळबुळीत पांढरट थर होता. रसात सुमारे २ टक्के साखर असते, उन्हाने नळी तापली की जंतूंची चंगळ होते, आणि इतक्या बारीक भोकाची टी तुंबायला फार काही लागत नाही. पहिल्या हंगामानंतर नळ्या कॅल्शियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकाच्या पाण्याने धुतल्या गेल्या नाहीत, झाडाला पाडलेल्या भोकात बसवायच्या तोट्याही त्याच राहिल्या. रात्री गोठताना झाड नळीतला थोडा रस उलटा ओढून घेतं. जुन्या तोटीतली घाण तेव्हा थेट ताज्या भोकात जाते आणि भोक लवकर बंद पडतं. शेजाऱ्यांनी दरवर्षी तोट्या उकळून घेतल्या, म्हणून त्यांच्या बादल्या भरल्या.

शिवाय काही नवी भोकं जुन्या भोकांच्या सरळ खाली पडली आहेत. तिथलं लाकूड मेलेलं असतं, रस देत नाही. गिरमिटाचा भुसा पांढुरका निघाला तर जागा चांगली, तपकिरी निघाला तर जागा चुकली.

हे सगळं लिहिलेला कागद आम्ही दिला होता. पण कागद हातात देणं म्हणजे शिकवणं नव्हे, तेही मान्य.

तरीही सगळी रक्कम परत देणार नाही. वरच्या ४८ झाडांचं काम पक्कं आहे, नळ्या अजून तंतूसारख्या ताणलेल्या आहेत, कुठे झोळ नाही. खालच्या १२ झाडांची मजुरी या आठवड्यात परत करतो. पानगळ झाली की टाकी ओढ्याजवळ हलवू, तिथे आणखी १२ फूट उतार मिळतो, मजुरी आमची. रस वर आणायला छोटा पंप लागेल, तो खर्च तुमचा, हे आत्ताच सांगून ठेवतो. सगळ्या टी आणि तोट्या आम्ही बदलून देऊ. फेब्रुवारीत पहिली दहा भोकं तुमच्यासोबत पाडेन, गिरमिट तुमच्या हातात.

एक गोष्ट मात्र लांबणीवर टाकू नका. तोट्या अजून झाडांतच असतील तर आजच काढा. तोटी निघाल्याशिवाय झाडाला भोक बुजवता येत नाही.