चोक ओढलेला हात

‘चोक म्हणजे काय हे ज्याला ठाऊक, त्याचं वय झालं,’ हे म्हातारपणाच्या खुणांवरच्या एका लेखात वाचलेलं लक्षण अगदी खरंय. चोक म्हणजे जुन्या गाड्यांचं थंड इंजिन सुरू करताना ओढायची खुंटी. आमच्या वडिलांची प्रीमियर पद्मिनी गाडी होती. गिअर स्टिअरिंगपाशीच, त्यामुळे पुढच्या सलग सीटवर मधे बसायचा मान माझा. नवरात्रात बीडहून तुळजापूरला निघालो की मांजरसुंब्याचा घाट चढताना ती हमखास तापायची. वडील बॉनेट उघडून थांबायचे, मग ओलं फडकं धरून रेडिएटरचं झाकण हळूहळू फिरवायचे. वाफेचा तो गरम, गंजका वास अजून नाकात आहे. अॅम्बेसेडर आणि मारुती ८०० दोन्ही २०१४ साली बंद झाल्या तेव्हा फार वाईट वाटलं. आता माझे गुडघे जिन्यावर कुरकुरतात, पण थंडीच्या सकाळी गाडीत बसलो की हात आपसूक चोक शोधतो.