धूम्रपानबंदीने कुणाचेच काही बिघडत नाही?

धूम्रपानबंदीच्या समर्थनार्थ एक युक्तिवाद वारंवार पुढे केला जातो. धूर दुसऱ्याच्या नाकात जातो म्हणून इथे स्वातंत्र्याचा प्रश्नच नाही. नियम सर्वांना सारखा असल्यामुळे छोट्या धंद्यावर अन्याय होत नाही. आणि सुटी सिगारेट मिळेनाशी झाली की तरुण पोरे आपोआप व्यसनापासून लांब राहतात. तंबाखू घातक आहे आणि शेजाऱ्याच्या विडीचा धूरही घातक आहे, याबद्दल माझे दुमत नाही. तरीही ही तिन्ही विधाने तपासून पाहण्यासारखी आहेत.

पहिले विधान अर्धेच खरे आहे. एसटी, लोकल, रुग्णालय, सरकारी कचेरी इथे माणसाला जावेच लागते, त्यामुळे काँग्रेस नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये अशा ठिकाणी धूम्रपानास मनाई केली ते योग्यच झाले. परंतु दारावर ‘येथे धूम्रपान चालते’ अशी ठळक पाटी लावलेल्या परमिट रूममध्ये कुणी कुणाला हाताला धरून नेत नाही, आणि लहान मुलांना तिथे मुळातच प्रवेश नसतो.

नियम सर्वांना सारखा आहे, हे तर सरळसरळ चुकीचे आहे. 2003 च्या केंद्रीय तंबाखू नियंत्रण कायद्याने वेगळा धूम्रपान कक्ष ठेवण्याची मुभा तीस किंवा अधिक खोल्यांची हॉटेले, तीस किंवा अधिक आसनांची उपाहारगृहे आणि विमानतळ यांनाच दिली आहे. म्हणजे सहा टेबले आणि चोवीस खुर्च्या मांडून बसलेल्या मालकाने भिंती, आपोआप मिटणारे दार आणि धूर थेट बाहेर टाकणारा पंखा या सगळ्याचा खर्च सोसायची तयारी दाखवली, तरी कायदा त्याला नाहीच म्हणतो; त्याचे गिऱ्हाईक पुढच्या चौकातल्या मोठ्या हॉटेलात जाते. (प्रवाशाला जिथे पर्याय नसतो त्या विमानतळाला मात्र सवलत!) वेटरच्या फुप्फुसांचे काय, हा आक्षेप वजनदार आहे, पण 2017 पासून अशा कक्षात कोणतीही सेवा देण्यास मनाई आहे. मोठ्या हॉटेलातल्या वेटरसाठी ही अट पुरेशी ठरत असेल, तर छोट्या हॉटेलातही ती पुरेशी ठरली पाहिजे.

आता सुटी सिगारेट. महाराष्ट्राने सप्टेंबर 2020 मध्ये सुट्या सिगारेटी आणि विड्यांच्या विक्रीवर बंदी घातली. पाकिटावरचा इशारा गिऱ्हाइकाला दिसत नाही, हे त्यामागचे मुख्य कारण. तोच इशारा टपरीवर लावणे सक्तीचे करता आले असते. टपरीवाल्याचे गिऱ्हाईक चहाबरोबर एक सिगारेट घेते, फळीला सुतळीने बांधलेल्या लायटरवर पेटवते आणि निघून जाते. त्याला अख्खे पाकीट घ्यायला लावले, तर एक ओढणारा माणूस खिशात दहा घेऊन फिरू लागतो आणि रोजंदारीवरचा माणूस विकत घेणेच सोडतो. यातल्या पहिल्याचे आरोग्य सुधारत नाही आणि दुसऱ्याची उधारीही टपरीवाल्याच्या वहीतून जाते. शिवाय 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार राज्यात धूम्रपान करणारे प्रौढ 3.8 टक्के होते, तर तंबाखू चघळणारे, मळणारे वा मशेरी लावणारे 24.4 टक्के. चघळण्याच्या बाबतीत बंदीचा अनुभव आपल्याकडे आहेच: गुटखा 2012 पासून बंद आहे, आणि त्याचे साठे आजही पकडले जात आहेत.

अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणे 2003 च्या कायद्यानेच गुन्हा ठरवले आहे. पोरांची काळजी असणाऱ्यांनी आधी त्या कलमाच्या अंमलबजावणीचा हिशेब मागावा.