न मोजण्याचे फायदे

पिण्याच्या पाण्याची काळजी लागून राहिली असेल, तर पहिला उपाय म्हणजे काय मोजायचे हे दारावर येणाऱ्या विक्रेत्यावर सोपवावे. शुद्धीकरण यंत्र विकणारा तो मुलगा पेनाएवढे टीडीएस मीटर काढून आपल्या पेल्यातल्या पेंच धरणाच्या पाण्यात बुडवील आणि "काकाजी, आकडा पाहा" म्हणत चेहरा गंभीर करील. आपणही तितक्याच गांभीर्याने मान डोलवावी. पाण्यातून वीज किती वाहते, यावरून ते मीटर विरघळलेल्या क्षारांचा अंदाज बांधते, एवढेच. पीएफओए नावाच्या फ्लोरिनयुक्त आम्लावर अमेरिकेने 2024 साली लिटरमागे 4 नॅनोग्रॅमची मर्यादा घातली, आणि मीटरवरचा सर्वांत लहान आकडा, म्हणजे लिटरमागे 1 मिलिग्रॅम, त्याच्या अडीच लाख पट भरतो, ही माहिती त्या प्रसंगी काढून मुलाचा धंदा बुडवू नये.

आपल्याकडे तर हा प्रश्न मुळातच सुटलेला आहे. पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500 या 2012 सालच्या मानकात या आम्लाचा रकानाच नाही. ज्या विषयाची परीक्षाच नाही, त्यात नापास कोण होणार?

तरीही घरात एखादा शिकलेला भाचा असतोच. टेफ्लॉन बनवताना हे आम्ल वापरत, वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गच्या आसपासच्या विहिरीनळांत ते उतरले, मूत्रपिंडाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध जोडला गेला, 2019 साली चिवट प्रदूषकांवरच्या स्टॉकहोम कराराने ते बंदीच्या यादीत घातले, 2023 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग करणाऱ्यांत, बसवले, असे तो सांगू लागला, की तर्री-पोह्यांची बशी त्याच्यापुढे सरकवावी. "मग पाणी उकळून पिऊ," असेही म्हणावे. उकळल्याने वाफ जाते आणि आम्ल मागे राहते, कारण कार्बन-फ्लोरिनचा बंध नागपूरच्या मे महिन्यालाही दाद देत नाही. पण उकळल्याचे समाधान मोठे असते. रक्तात शिरलेल्या या आम्लाचा निम्मा भाग बाहेर पडायलाच काही वर्षे लागतात, हे भाच्याने तर्रीत पाव बुडवताना सांगितले तर ऐकू आले नाही असे दाखवावे.

आरओ घेतलेच, तर ते आम्ल बरेचसे अडवते, हे खरे. अडवलेले जाते कुठे, हे पाहायला सिंकखाली वाकू नये. तिथे एक बारीक पांढरी नळी असते, ती गटारात जाते, गटार नागनदीत, नागनदी कन्हानकडे आणि कन्हान वैनगंगेकडे. पुढच्या गावांनी आपापले आरओ बघून घ्यावेत. काटकसरी माणसाने नळीखाली बादली लावून ते पाणी तुळशीला घालावे.

वर्षभराने तोच मुलगा येईल, मीटर पुन्हा बुडवील, आकडा उतरलेला दाखवील आणि नवा फिल्टर बसवील. पावती जपून ठेवावी, जुना फिल्टर सकाळच्या कचरागाडीत टाकावा.