पायाखालची भानगड

गिटारच्या आवाजाशी खेळणाऱ्या पेडलांपैकी डिले घ्यावा की लूपर, हा प्रश्न पडलेल्या माणसाने तो दुसऱ्या गिटारवाल्याला कधीही विचारू नये. ऑफिसात बेस वाजवणारा एक मित्र आहे. तो म्हणाला, "दोन्ही घे." तो अविवाहित आहे. ज्यांच्याकडे मी शिकायला जातो ते सर म्हणाले, "आधी मेट्रोनोमबरोबर वाजवा, पेडलचं नंतर बघू." तिसऱ्याने मला ट्रू बायपास म्हणजे काय ते इतक्या सविस्तर समजावलं, की माझा मूळ प्रश्न काय होता हे शेवटी आम्हा दोघांनाही आठवेना.

कामाचं बोलली ती फक्त बायको. "दोन्हींत फरक काय?"

आता हा फरक सांगणं वाटतं तितकं सोपं नाही. दोन्ही पेट्या तळहाताएवढ्या, दोन्ही पायाने दाबायच्या, आणि तुम्ही वाजवलेलंच तुम्हाला परत ऐकवायचं हेच दोन्हींचं काम. मी म्हटलं, "डिले म्हणजे प्रतिध्वनी. एक सूर वाजवला की तो काही मिलिसेकंदांनी तोच सूर परत म्हणतो, मग आणखी हळू आवाजात, मग आणखी हळू, आणि गप्प होतो. लूपरचं तसं नाही. बटण दाबायचं, वाजवायचं, परत दाबायचं. मग जेवढं वाजवलं तेवढं तो पुन्हा पुन्हा वाजवत बसतो. आपण थांबवेपर्यंत."

"मग आपोआप गप्प होतं ते घे," ती म्हणाली. तिच्या दृष्टीने विषय संपला होता.

गिटारवाल्याचा विषय असा संपत नाही, कारण डिलेमध्येही दोन पंथ आहेत, अॅनालॉग आणि डिजिटल, आणि त्यांचा आपसात बेटीव्यवहार नाही. मुळात हे सगळं टेपवर चालायचं. एक हेड आवाज टेपवर उतरवणार, जरा पुढचं हेड तोच वाचणार, मधल्या अंतराला जो वेळ लागेल तो डिले. रोलंड कंपनीची १९७४ची स्पेस एको ही अशीच टेपवाली पेटी अजूनही लोक जपून ठेवतात. ती पायाखाली ठेवायची वस्तू नाही. ती टेबलावर ठेवतात आणि ती नाजूक असल्याचं सगळ्यांना सांगतात.

त्याआधीच, १९६९ साली, फिलिप्सच्या इंजिनिअरांनी टेपशिवाय आवाज रेंगाळवायची युक्ती काढली होती. अॅनालॉग पंथ तिच्यातूनच निघाला. स्लॅबच्या दिवशी मजूर रांगेत उभे राहून घमेली एकमेकांच्या हातात देतात ना, तशी चिपमध्ये कपॅसिटरांची रांग. घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला आवाजाचं घमेलं एका हातातून पुढच्या हातात. एमएन ३००५ या नावाजलेल्या चिपमध्ये असे ४०९६ हात आहेत. एवढ्या हातांतून गेल्यावर थोडा माल सांडणारच. वर पोहोचतो तो आवाज जरा मळकट, कडा झिजलेला. या सांडलवंडीला गिटारवाले 'वॉर्मथ', म्हणजे ऊब, म्हणतात आणि तिचे जास्तीचे पैसे मोजतात.

१९८३ साली बॉस कंपनीने डीडी-२ हे पेडल काढलं. छोट्या पेडलमध्ये डिजिटल डिले येण्याची ती पहिलीच वेळ. त्यांच्याच अॅनालॉग डीएम-२ची धाव ३०० मिलिसेकंदांपर्यंत होती, हे ८०० पर्यंत गेलं, आणि वाटेत काही सांडेना. जसा सूर आत, तसाच बाहेर. तेव्हापासून लोकांची तक्रार आहे की हा फारच स्वच्छ आहे.

मी मित्राकडून अॅनालॉग डिले चार दिवस वापरायला आणला. त्यावर तीन खुंट्या. किती उशिरा बोलायचं, किती वेळा बोलायचं आणि किती मोठ्याने. मधली खुंटी पूर्ण पिळली की डिले स्वतःचंच ऐकून स्वतःलाच उत्तर द्यायला लागतो आणि प्रत्येक उत्तर आधीच्यापेक्षा मोठं होत जातं. ही खुंटी आमच्याकडे आलेल्या मेहुण्याने, "हे काय?" असं विचारत पिळली. गिटार भिंतीला टेकवलेली, कोणी तिला हात लावलेला नाही, आणि अँपमधून उडती तबकडी उतरल्यासारखा आवाज चढत चाललेला. समोरच्या ब्लॉकमधले काका दार वाजवून म्हणाले, "तुमचा मिक्सर बंद करा, मोटर जळेल." आम्ही त्यांचे आभार मानले.

यापेक्षा त्रास गणिताचा. डिले गाण्याच्या लयीत बसला नाही तर प्रतिध्वनी आणि गाणं यांची भांडणं सुरू होतात. म्हणून मिनिटाच्या साठ हजार मिलिसेकंदांना टेम्पोने, म्हणजे मिनिटातल्या ठोक्यांनी, भागायचं. १२० चा टेम्पो असेल तर एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा. पण सगळ्यांना हवा असतो तो याचा पाऊण हिस्सा, म्हणजे ३७५. तो लावला की साधे सरळ सूर वाजवले तरी मध्ये मध्ये दुसरा कोणी वाजवतोय असं वाटतं आणि ऐकणाऱ्याला आपण दुप्पट हुशार भासतो. हेच माथेरानच्या एको पॉइंटला फुकटात करायचं तर समोरचा कडा साधारण ६४ मीटरवर हवा, कारण आवाजाला जाऊन यायचं असतं. कड्याला टॅप टेम्पोचं, म्हणजे ठोके देऊन लय लावायचं, बटण नाही, तेव्हा गाणं बदललं की आपणच पुढेमागे सरकायचं. एको पॉइंटला पुढे सरकण्यात धोका आहे.

लूपरला हे गणित लागत नाही. १९७३ च्या सुमारास गिटारवादक रॉबर्ट फ्रिप आणि संगीतकार ब्रायन ईनो यांनी दोन टेपरेकॉर्डर शेजारी ठेवून एकाची टेप दुसऱ्यात ओवली आणि वाजवलेलं फिरून फिरून परत येऊ लागलं. आमच्या हॉलमध्ये एक टेपरेकॉर्डर ठेवायचा तर दिवाणाचं काय करायचं हा प्रश्न आहे. सुदैवाने २०१३ साली टीसी इलेक्ट्रॉनिक कंपनीने डिटो नावाचा लूपर काढला. एक खुंटी, एक बटण, पाच मिनिटं रेकॉर्डिंग.

एक बटण म्हटलं की माणूस निर्धास्त होतो. हे बटण एकदा दाबलं की रेकॉर्ड, परत दाबलं की वाजायला लागतं, परत दाबलं की त्यावर दुसरा थर चढतो. धरून ठेवलं की शेवटचा थर जातो, आणि पटकन दोनदा दाबलं की थांबतं. म्हणजे सगळी भाषा एका अंगठ्यात. पायाच्या. परदेशातल्या व्हिडिओंमध्ये सगळे जाडजूड बूट घालून हे करतात. आपल्याकडे घरात चप्पल चालत नाही. धातूचं ते बोंड अनवाणी पायाने पटकन दोनदा दाबून बघा. त्यात इमारत जुनी आणि अर्थिंग रामभरोसे असेल तर हात तारांवर आणि अनवाणी पाय फरशीवर ठेवताच अंगातून अशी झिणझिणी जाते की दोनदा दाबायची वेळच येत नाही.

शिवाय अॅडॉप्टर. पेडलला ९ व्होल्ट लागतात, आणि पिनेच्या आत उणे, बाहेर अधिक. घरातल्या बाकी बहुतेक अॅडॉप्टरांचं नेमकं उलटं असतं, आणि ते पेडलमध्ये बसतात मात्र अगदी प्रेमाने. लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराला मी हे शक्य तितक्या नम्रपणे सांगितलं. तो म्हणाला, "राउटर कुठल्या कंपनीचा आहे?"

दोन्हींचं काम एकात उरकायचा मोह मलाही झाला. काही डिले पेडलांत लूपर असतो. लाइन ६ कंपनीचा जुना हिरवा डीएल४ चौदा सेकंदांचा लूप देतो. १२० च्या टेम्पोला चार-चार ठोक्यांचे आठ बार म्हणजे सोळा सेकंद. सातव्या बारनंतर वाद्य आवरावं लागतं. बॉसच्या डीडी-७ मध्ये ४० सेकंद मिळतात, पण लूप चालू असताना तो डिले होत नाही. एक माणूस दोन खात्यांचा कारभार बघतो म्हणतात, तेव्हा एका खात्याचं दार बंद असतं, तोच प्रकार. आणि दोन पेडलं वेगळी घेतली तर आधी कुठलं जोडायचं यावर नवा वाद. लूपर शेवटी ठेवावा, असं माझं मत. डिले त्याच्यानंतर जोडला तर बिचाऱ्या लूपवर, त्यातल्या सगळ्या थरांसकट, प्रतिध्वनीचा पाऊस पडतो आणि कोणाचं काय चाललंय ते कळत नाही.

मला लूपरच हवा होता. डिले वाजवणाऱ्याचे दोष झाकतो, म्हणून तो दुकानात ऐकताना नेहमी जास्त आवडतो, आणि मला हे खरेदीचं कारण वाटत नाही. बायकोला मात्र मी वेगळं सांगितलं. लूपर आला की साथीला दुसरा गिटारवाला घरी येणार नाही. तिने क्षणभर विचार केला. "म्हणजे चहा नाही?" "चहा नाही. जेवायलाही थांबणार नाही." लूपर त्याच आठवड्यात आला.

पहिला बळी कामाच्या मावशींचा. अँप चालू राहिलेला, मी आंघोळीला गेलेलो. फरशी पुसताना त्यांचा हात बटणावर पडला आणि रिकाम्या हॉलमध्ये चार कॉर्ड सुरू झाले, मग तेच चार, मग परत तेच चार. मी बाहेर आलो तेव्हा त्या जिन्यात उभ्या होत्या. आता त्या तो कोपरा लांबूनच पुसतात.

दुसरा, वरच्या मजल्यावरचा मुलगा. तबला शिकतो, परीक्षा जवळ आलेली, अॅपमधला लेहरा, म्हणजे तबल्याच्या साथीला फिरत राहणारी धून, त्याला कोरडा वाटतो. मी गिटारवर चंद्रकंसातला तीनतालाचा लेहरा बसवून लूप करून दिला. दोन आवर्तनं झाली आणि त्याने हात उचलले. "काका, तुमचा तीनताल सव्वासोळा मात्रांचा आहे."

लूपरची खरी गोम ही. दुसऱ्यांदा बटण दाबायचं ते नेमकं पुढच्या समेवर. सोळावी मात्रा संपली, आता दाबू, असं मनात येईपर्यंत पाव मात्रा निघून जाते आणि ती पाव मात्रा लूपर प्रत्येक आवर्तनात इमानदारीने परत आणतो. आता पाय तो मुलगा ठेवतो, मी फक्त वाजवतो. त्याचा पाय समेवर असा पडतो की मला गिटार सोडून द्यावीशी वाटते.

परवा त्याने विचारलं, "काका, ते दुसरं पेडल असतं ना, डिले? त्यात माझा ठेका टाकला आणि अर्ध्या मात्रेवर लावला, तर दुगुन होईल?"

म्हटलं, "अरे, ती दुगुन नाही. धाच्या मागे धा येईल आणि धिंच्या मागे धिं. दुगुन म्हणजे अख्खा ठेका निम्म्या वेळात."

"चालेल की," तो म्हणाला. "परीक्षक तसे लांबच बसतात."