पंचवीसपट वॅट म्हणजे पंचवीसपट अंतर? छे!

अमेरिकन ट्रकवाल्यांच्या जुन्या सीबी रेडिओबद्दलचा (सीबी म्हणजे सामान्य लोकांसाठीचा कमी ताकदीचा वायरलेस) एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. त्याचं म्हणणं असं: सीबीला व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळ्यांचा) 'लिनिअर', म्हणजे ताकद वाढवणारा अॅम्प्लिफायर, जोडला की 4 वॅटचे 100 होतात आणि रेंज पंचवीसपट वाढते. ते व्हॉल्व्ह खास ट्रान्समीटरसाठी घडवलेले, म्हणून मरतच नाहीत. आणि 1978 पर्यंत हे सगळं कायदेशीर होतं.

आधी रेंज. अगदी मोकळ्या अवकाशातसुद्धा पंचवीसपट ताकदीने अंतर पाचपटच वाढतं. जमिनीवर टेकड्या, इमारती आणि क्षितिज आडवं येतं, त्यामुळे तेवढंही पदरात पडत नाही. पलीकडे ऐकणाऱ्याच्या सिग्नल मीटरवर ही वाढ 14 डेसिबल, म्हणजे काट्याची जेमतेम सव्वादोन घरं. शिवाय लिनिअरने तुमचा आवाज वाढतो, ऐकणं नाही. अशा स्टेशनला हॅम मंडळी (परवानाधारक हौशी रेडिओवाले) 'मगर' म्हणतात: नुसतं तोंड, कान नाहीतच. अँटेना उंच केली असती तर दोन्ही सुधारलं असतं.

'खास घडवलेले' वाचून तर हसूच आलं. 6एलक्यू6, 6केडी6 हे यातले नेहमीचे व्हॉल्व्ह, आणि ते होते रंगीत टीव्हीचे! पडद्यावरचा किरण डावी-उजवीकडे फिरवणं हे त्यांचं मूळ काम. ढिगाने बनायचे, म्हणून स्वस्त. आतली प्लेट, म्हणजे इलेक्ट्रॉन जिथे आदळतात तो धातूचा पत्रा, सोसते साधारण 30 वॅट उष्णता. माइकचं बटण दाबून धरून ट्यूनिंगची बटणं सावकाश फिरवत बसलात, की काचेआडची काळी प्लेट बघता बघता चुलीतल्या निखाऱ्यासारखी लाल होते. तिथून व्हॉल्व्ह मरायला फार वेळ लागत नाही.

राहिला कायदा. 1958 मध्ये 27 मेगाहर्ट्झवर सीबी सुरू झाली तीच 5 वॅट इनपुटच्या मर्यादेसह. लिनिअर लावणं कधीच कायदेशीर नव्हतं. बनवणारे तो हॅमसाठी म्हणून विकायचे, घेणारे सीबीला लावायचे. 1978 मध्ये एफसीसीने (अमेरिकेतल्या रेडिओ-टीव्हीवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) 24 ते 35 मेगाहर्ट्झवर चालणारे असे अॅम्प्लिफायर बनवणं आणि विकणंच बंद केलं. एक मोठं कारण शेजाऱ्यांचे टीव्ही: ट्रान्समीटरचा थोडा सिग्नल दुप्पट फ्रिक्वेन्सीवरही सांडतो. ट्रकवाल्यांचं चॅनेल 19 म्हणजे 27.185 मेगाहर्ट्झ, त्याची दुप्पट 54.37, आणि तिथला टीव्हीचा चॅनेल 2 सुरू व्हायचा 54 पासून.

मेसेजमध्ये एक गोष्ट मात्र नाही. लिनिअरचा प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) कित्येकशे व्होल्ट शिल्लक असू शकतात. हौसेने झाकण उघडणाऱ्याला ते आधी सांगायला हवं होतं.